जुन्या गाडीची परीक्षा

मध्यम स्थितीच्या कुटुंबांत नव्या वस्तूची खरेदी ही आनंदाची गोष्ट समजली जाते, आणि वापरलेल्या वस्तूची खरेदी ही बहुधा कोणास न सांगण्याची. नवें भांडें आलें तर तें शेजारीं दाखविलें जातें. जुनें कपाट आलें तर तें दिवेलागण झाल्यावर हळूच जिन्यानें वर चढविण्यांत येतें. ह्या संकोचाचा परिणाम असा होतो कीं, जुनी वस्तु कशी पारखून घ्यावी हें ज्ञान एका घरांतून दुसऱ्या घरांत जातच नाहीं. प्रत्येकानें तें आपापल्या पैशानें नव्यानें मिळवावें, अशी रीत पडून गेली आहे. गेल्या वर्षीं माझ्या भाच्यासाठीं एक वापरलेली मोटारसायकल घेण्याचा प्रसंग आला. त्या निमित्तानें दोन महिन्यांत जें पाहावयास व समजून घ्यावयास मिळालें, तें हा संकोच बाजूस सारून वाचकांपुढें ठेवावें असें वाटतें. आयुष्यभर शब्दरूपें व धातुरूपें शिकविलेल्या माणसानें यंत्राविषयीं लिहावें, ह्याचें कोणास नवल वाटेल. परंतु परीक्षा घेणें हा तर माझा धंदाच होता.

माझा भाचा पशुधन पर्यवेक्षक आहे. त्याची नेमणूक पालघर जिल्ह्यांतील मोखाडा तालुक्यांत झाली. डांबरी सडक जेथें संपते, तेथून त्याच्या कामास आरंभ होतो. पाडे डोंगरांच्या सोंडांवर विखुरलेले, वाटा मुरुमाच्या आणि दगडगोट्यांच्या. पावसाळ्यापूर्वीं घटसर्प व फऱ्या ह्या रोगांच्या लशी जनावरांस टोंचावयाच्या, आणि त्या लशी बर्फाच्या पेटींत ठेवून, थंडावा टिकून आहे तोंच पाड्यावर पोंचवावयाच्या. पावसाळ्यांत एखादी गाय अडली म्हणजे रात्रीं-अपरात्रीं निघावयाचें. त्याच्यापाशीं शंभर सीसीची साधी गाडी होती. शहराच्या रस्त्यास ती उत्तम. परंतु ओहोळ ओलांडतांना तिचें पोट दगडावर टेके, आणि मागल्या आषाढांत ती घसरून भाच्याचा पाय मोडला. सहा आठवडे त्याचा पाय प्लास्टरमध्यें होता. त्याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, विधवा आहे, आणि हा तिचा एकुलता एक मुलगा. तेव्हां गाडी कोणती घ्यावी हा प्रश्न आमच्या घरांत हौसेचा राहिला नव्हता.

शिल्लक होती ९०,००० रुपये. शिक्षणासाठीं काढलेल्या कर्जाचे हप्ते अजून चालू होते. त्यांत दुसऱ्या हप्त्याची भर नको, ह्याविषयीं आम्हां तिघांचें एकमत होतें. बहिणीचें म्हणणें असें कीं, एवढ्या पैशांत येईल ती नवी साधी गाडी घ्यावी. नवी म्हणजे निर्धोक. भाच्याच्या मित्रांचें म्हणणें, जुनीच घ्यावयाची तर चारशे सीसीची दणकट घ्यावी. मीं दोघांसही एकच विचारलें: दगडावरून जातांना गाडीचें पोट सुटणार कसें, आणि ओहोळांत ती आडवी झाली तर एकट्या माणसानें उभी करावयाची कशी? पहिल्या प्रश्नानें साधी गाडी गळाली, दुसऱ्यानें दणकट गाडी गळाली. उरली ती कच्च्या वाटेसाठींच बांधलेली, मध्यम शक्तीची व त्या मानानें हलकी मोटारसायकल. हिलाच डर्ट बाइक असें म्हणतात.

ह्या जातीच्या गाडीचें लक्षण असें. पुढलें चाक मोठें, पुष्कळदां एकवीस इंचांचें. त्यामुळें तें खड्ड्यांत न अडकतां वरून चढून जातें. इंजिन जमिनीपासून उंच. दोन्ही चाकांस वर-खालीं हालण्यास पुष्कळ वाव. चाकें तारांचीं, कारण ओतीव चाक दगडाच्या मारानें तडकतें, आणि तारांचें वांकलें तरी बहुधा सरळ करितां येतें. ह्या गाड्यांच्याही दोन पोटजाती आहेत, व त्यांतील भेद न जाणणाऱ्याचें नुकसान होतें. एक केवळ शर्यतीची. तिला दिवा नाहीं, आरसा नाहीं, नोंदणी नाहीं. सार्वजनिक रस्त्यावर ती चालविणें बेकायदा आहे, आणि तिच्या इंजिनाची देखभाल किलोमीटरांवर न मोजतां तासांवर मोजतात. ती कितीही स्वस्त मिळाली तरी नोकरदार माणसानें तिच्या वाटेस जाऊं नये. दुसरी नोंदणी झालेली, सडक आणि रान दोन्ही साधणारी. आपल्या देशांत ह्या दुसऱ्या जातीच्या परवडणाऱ्या गाड्या थोड्याच निघाल्या. हीरोची इम्पल्स २०११ सालीं आली. ती दीडशे सीसीची, आणि पुढें तिचें उत्पादन बंद झालें. त्याच कारखान्याची एक्सपल्स २०० ही २०१९ सालीं आली: १९९.६ सीसी, पुढलें चाक २१ इंच, मागलें १८ इंच, जमिनीपासून अंतर २२० मिलिमीटर, वजन दीडशे किलोंच्या थोडें वर. २०२१ सालीं तिचीच चार झडपांची आवृत्ति निघाली. बंद झालेल्या गाडीचे सुटे भाग आपल्या गांवीं मिळतात कीं नाहीं, ह्याची चौकशी गाडी पाहण्यापूर्वींच करावी. ती करून आम्ही दुसरीच्या शोधास लागलों.

ह्या गाड्यांचें इंजिन फोर-स्ट्रोक असतें. हा शब्द सर्वांच्या तोंडीं आहे, पण त्याचा अर्थ थोड्यांस ठाऊक असतो. दट्ट्या एकदां खालीं येऊन पेट्रोल व हवा ह्यांचें मिश्रण आंत ओढतो. वर जाऊन तें दाबतो. ठिणगी पडतांच स्फोटानें खालीं ढकलला जातो. आणि पुनः वर जाऊन जळका वायु बाहेर घालवितो. अशा चार खेपांत एकच खेप शक्ति देणारी. जर्मनींत निकोलाउस ऑटो ह्यानें १८७६ सालीं ह्या तत्त्वाचें इंजिन सिद्ध केलें, आणि १८८५ सालीं डाइमलर व मायबाख ह्यांनीं लांकडी सांगाड्याच्या दुचाकीवर तसलें इंजिन बसविलें. टू-स्ट्रोक इंजिन हेंच काम दोन खेपांत उरकतें. त्याची रचना सोपी व हलकी असते, जोर एकदम येतो. पण वंगण पेट्रोलाबरोबरच जळतें आणि धूर होतो. १९८५ सालीं आपल्याकडे यामाहाची आरएक्स १०० आणि हीरो होंडाची सीडी १०० अशा दोन गाड्या आल्या. पहिली टू-स्ट्रोक, दुसरी फोर-स्ट्रोक. मी तेव्हां नुकताच नोकरीस लागलों होतों. तरुणांचें मन पहिलीवर आणि संसारी माणसांचें दुसरीवर, हें शिक्षकांच्या खोलींतही स्पष्ट दिसे. कच्च्या वाटेच्या शर्यतींत मात्र टू-स्ट्रोकचेंच राज्य पुष्कळ वर्षें टिकलें. १९९८ सालीं यामाहानें वायझेड४००एफ ही फोर-स्ट्रोक गाडी बाजारांत आणली, तेव्हांपासून तेथील पारडें फिरूं लागलें.

डोंगरांतील नोकरीस फोर-स्ट्रोकचा गुण असा कीं, मंद गतींतही ती नेटानें ओढते. चिखलांत चाक उगाच गरगरत नाहीं. तिचा दोष असा कीं, झडपा, त्यांस हालविणारा दांडा, त्या दांड्याची साखळी असे भाग पुष्कळ. तेल वेळेवर बदललें नाहीं तर ते सर्व झिजतात आणि दुरुस्ती जड जाते. म्हणून अशी जुनी गाडी घेतांना इतर सर्व प्रश्नांच्या मुळाशीं एकच प्रश्न असतो: पूर्वीच्या मालकानें तिचें तेल आणि तिची हवा स्वच्छ ठेविली काय?

ह्याचें उत्तर मिळवावयाचें कसें? न्यायशास्त्रांत ज्ञानाचीं जीं साधनें सांगितलीं आहेत, त्यांपैकीं तीन येथें उपयोगी पडतात: प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द. बाजारांत गेल्यावर प्रथम कानीं पडतो तो शब्द. एकाच हातची गाडी, कधीं पडलेली नाहीं, घरांत दुसरी आली म्हणून काढतों, इत्यादि. परंतु शब्द प्रमाण होतो तो आप्ताचा, आणि जसें असेल तसें सांगणारा तो आप्त. विकणाऱ्याचा लाभ त्याच्या बोलण्यांत गुंतलेला असतो. म्हणून त्याचा शब्द प्रत्यक्षाशीं ताडून पाहावा. ह्यांत त्याचा अपमान नाहीं. प्रामाणिक मनुष्य ह्या परीक्षेनें रागावत नाहीं, हा माझा अनुभव.

सातपूरला माझा एक जुना विद्यार्थी गॅरेज चालवितो. त्यास मीं बरोबर घेतलें, आणि त्याच्या अर्ध्या दिवसाचा मोबदला आधींच ठरविला. तो घेईना, तेव्हां मीं सांगितलें कीं, फुकट दिलेल्या सल्ल्यांत भीड असते, आणि आज मला भीड नको. पहिली गाडी दिसण्यांत नव्यासारखी होती. सकाळीं आठास येतों, तोंपर्यंत गाडी सुरू करूं नका, असें आम्हीं कळविलें होतें. गेल्याबरोबर विद्यार्थ्यानें इंजिनाजवळ हात नेला. तें गरम होतें. मालक म्हणाले, "आपण येणार म्हणून तयार ठेवली." थंड इंजिनाचा रोग गरम इंजिन झांकून ठेवतें, म्हणून आम्ही समोरच्या हॉटेलांत चहा घेत दीड-दोन तास बसलों आणि मग गाडी सुरू करावयास लाविली.

धुरावरून अग्नीचें अनुमान, हा न्यायाचा पहिला धडा. येथें अग्नि आहेच. अनुमान करावयाचें तें धुराच्या रंगावरून. निळसर धूर म्हणजे तेल जळतें आहे. तो सुरू करतांना क्षणभर येऊन थांबला तर झडपांचीं सीलें झिजलीं असण्याचा संभव. वेग वाढवितांना येतच राहिला तर दट्ट्याच्या रिंगा व सिलिंडर ह्यांकडे बोट जातें, आणि तो खर्च मोठा. काळा धूर म्हणजे पेट्रोल प्रमाणाबाहेर जातें आहे. थंडीच्या सकाळीं पांढरी विरळ वाफ येऊन नाहींशी झाली तर ती केवळ ओल. ह्या गाडीचा धूर निळा होता, आणि तो थांबला नाहीं.

भाच्याची नजर तरीही तिच्या रंगावर खिळलेली पाहून विद्यार्थी म्हणाला, "सर, रंग राहूं द्या, आपण हिचा एअर फिल्टर उघडूं." फिल्टर मळलेला होता, त्याचें विशेष नाहीं, परंतु फिल्टराच्या पलीकडे, इंजिनाकडे जाणाऱ्या नळींत, पिठासारखी बारीक धूळ बसलेली होती. म्हणजे इंजिन आंतून पॉलिशकागदानें घासावें तसें घासलें गेलें होतें. त्यानें पुढें एकेक गोष्ट दाखविली. साखळीच्या चाकाचे दांते विळ्यासारखे वांकले होते. पुढलें चाक उचलून हँडल सावकाश फिरविलें, तर मधोमध तें अडके. अर्थात् तेथील बेअरिंगें गेलेलीं. चाकाच्या तारांवर पान्यानें हलकेंच ठोकीत गेलें कीं कसलेली तार खणखणीत आणि सैल तार बद्द वाजते. पुढल्या शॉकअपच्या नळ्यांवर तेलाचा ओघळ दिसला तर सील फाटलेलें. इंजिनाचें तेल ताकासारखें पांढुरकें दिसलें तर आंत पाणी शिरलेलें. नदींत बुडालेल्या गाडीचें हें हमखास चिन्ह. पाय ठेवण्याच्या जागीं व टाकीखालीं, जेथें सांगाड्याचे जोड असतात, तेथेंच ताजा रंग दिसला तर तो कां लाविला हें विचारावें. उलट, पोटाखालच्या पत्र्यास पोंचे आणि बाजूंस ओरखडे असले तर त्यांचें भय नको. रानांत चाललेल्या गाडीस ते असावयाचेच. ते नसले तर बाहेरचें प्लॅस्टिक नवें बसविलें असावें. किलोमीटरचा आंकडाही एकटा कांहीं सांगत नाहीं, कारण पहिल्या गियरांत डोंगर चढलेला एक कोस सडकेवरच्या कित्येक कोसांहून इंजिनास जड असतो.

दुसरी गाडी यंत्र म्हणून चांगली निघाली, आणि भाच्याचें मन तिच्यावर बसलें. परंतु नोंदणीच्या पुस्तकांत कर्ज देणाऱ्या संस्थेचें नांव अजून होतें. मालक म्हणाले, पैसे भरून झाले आहेत, कागद मागाहून देतों. येथें मीं भाच्यास थांबविलें. कर्ज फिटल्याचा फॉर्म ३५ व त्या संस्थेचें पत्र हातीं आल्यावांचून गाडीचे पैसे देऊं नयेत. चासीचा व इंजिनाचा क्रमांक पुस्तकाशीं स्वतः ताडून पाहावा. चिखलाखालीं तो झांकलेला असला तर पुसून पाहावा. नांव बदलण्यासाठीं फॉर्म २९ व ३० लागतात. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे, व त्याप्रमाणें घेणाऱ्यानें तीस दिवसांच्या आंत नोंदणी आपल्या नांवें होण्यासाठीं, आणि चौदा दिवसांच्या आंत विमा आपल्या नांवें होण्यासाठीं अर्ज करावयाचा असतो. जुन्या मालकाच्या नांवें गाडी फिरवीत राहणें ही दोघांनाही पुढें भोंवणारी गोष्ट आहे. आम्हीं पंधरा दिवस वाट पाहिली. पत्र आलें नाहीं. आम्ही तो नाद सोडला.

तिसरी गाडी इगतपुरीकडे एका वनरक्षकाची होती. २०२० सालची, ३४,००० किलोमीटर चाललेली, ओरखड्यांनीं भरलेली. इंजिन थंड होतें. हात लावण्यापूर्वींच त्या गृहस्थांनीं सांगितलें कीं, डाव्या शॉकअपचें सील गळतें, मागला टायर संपला आहे, साखळीचा संच बदलावा लागेल, आणि थंडींत दुसरा गियर कधींकधीं अडकतो. नंतर त्यांनीं एक शाळेची दोनशें पानी वही पुढें केली. तेल केव्हां बदललें, फिल्टर केव्हां धुतला, किती किलोमीटरांवर काय केलें, ह्याची तारीखवार नोंद तींत होती. अक्षर बेताचें, पण एकही महिना सुटलेला नव्हता. माझ्या विद्यार्थ्यानें पाऊण तास गाडी तपासली. सांगितलेल्या चार दोषांहून पांचवा दोष त्यास सांपडला नाहीं. शब्द आणि प्रत्यक्ष येथें जुळले, आणि विकणारा आप्त ठरला.

त्यांनीं ६५,००० सांगितले. ६२,००० वर व्यवहार ठरला. भाच्यानें मला बाजूस घेऊन म्हटलें, "मामा, त्यांनीं स्वतःच इतके दोष सांगितले, आणखी पांच हजार सहज कमी होतील." मीं त्यास म्हटलें, "दोष लपविणाऱ्यास आपण कांहीं केलें नाहीं. खरें सांगणाऱ्यास मात्र दंड करावयाचा काय?" तो गप्प राहिला, आणि त्यानें पैसे मोजून दिले.

आतां पैशाविषयीं, कारण ह्या सर्व खटाटोपाचें मर्म तेथेंच आहे. गाडी पाहण्यास निघण्यापूर्वींच मीं कागदावर दोन आंकडे लिहून दिले होते: गाडीस जास्तींत जास्त ६५,०००, उरलेल्या २५,००० स हात लावावयाचा नाहीं. जवळ आहेत तेवढे सगळे पैसे गाडीच्या किंमतींत घालणें, ही मर्यादित शिलकेच्या माणसास होणारी सर्वांत मोठी भुरळ. नव्वद हजारांची गाडी थोडी अधिक देखणी मिळाली असती. परंतु तिच्या गुळगुळीत टायरावर आणि ढिल्या साखळीवरच पोरास ओहोळांत जावें लागलें असतें. आमच्या राखीव पैशांतून दोन्ही टायर ७,५०० रुपयांस आले. साखळीचा संच ३,२०० रुपयांस. शॉकअपचीं सीलें व तेल १,८०० रुपयांस. इंजिनाचें तेल, फिल्टर आणि ब्रेकचे पॅड १,५०० रुपयांस. नांव बदलणें व विमा ह्यांस १,५०० गेले. उरलेल्यांतून ८,५०० रुपयांचें शिरस्त्राण, घोट्याच्या वर येणारे बूट, हातमोजे आणि गुडघ्यांचीं कवचें घेतलीं. हीं कवचें निवडावयास माझी बहीण स्वतः दुकानांत आली. तिनें प्रत्येक कवच अंगठ्यानें दाबून पाहिलें, आणि सर्वांत जाड तें घेतलें. शेवटीं ४,००० रुपये शिल्लक राहिले. ते पहिल्या पावसाळ्यानंतरच्या दुरुस्तीसाठीं पोस्टांत ठेविले.

नवी म्हणजे निर्धोक, हें बहिणीचें म्हणणें मीं पुरतें खोडून काढलें असें नाहीं. नव्या वस्तूची हमी असते, आणि ती थोडी गोष्ट नव्हे. परंतु केवळ जुनें म्हणून कांहीं चांगलें नसतें आणि केवळ नवें म्हणून कांहीं निंद्य नसतें, जाणता मनुष्य पारखूनच पत्करतो, हा विवेक कालिदासानें मालविकाग्निमित्राच्या प्रस्तावनेंत आपल्या नव्या नाटकाची बाजू मांडतांना सांगितला आहे. तोच विवेक उलट दिशेनें लावला तर जुन्या गाडीसही न्याय मिळतो.

ह्या पावसाळ्यांत ती गाडी मोखाड्याच्या वाटांवर चालली. एकदां चिखलांत ती आडवी झाली. भाच्यानें ती एकट्यानें उभी केली, आणि लशींची पेटी वेळेंत पाड्यावर पोंचली. गुडघ्याच्या कवचावर एक खोल चर पडला आहे. तो त्यानें आईस दाखविला नव्हता, पण तिनें तो पाहिलाच. रात्रीं दूरध्वनि वाजला म्हणजे ती अजून दचकून उठते. कोणतीही गाडी आईची ती काळजी नाहींशी करूं शकणार नाहीं. आपण इतकेंच करावें कीं, त्या काळजीस आपल्या हलगर्जीपणाचें कारण मिळूं देऊं नये.

वनरक्षकांची ती वही आतां भाच्यापाशीं आहे, आणि त्यांच्या नोंदींच्या खालींच त्याच्या नोंदी सुरू झाल्या आहेत. ज्या वाचकांच्या घरीं गाडी असेल, मग ती नवी असो वा जुनी, त्यांनीं अशी एक वही आजच घालावी, असें सुचवावेंसें वाटतें. तिला खर्च कांहीं नाहीं. आज ती यंत्राचें आयुष्य वाढवील. आणि उद्यां ती गाडी जेव्हां आपल्याहून कमी शिलकेच्या एखाद्या मुलाच्या हातीं जाईल, तेव्हां त्याच्या घरच्या माणसांस विश्वास ठेवण्याजोगा एक शब्द तरी मिळेल.